टीव्हीवरची गाइड कोरी का दिसते

रिमोटवरचं गाइडचं बटण दाबलं की वाटतं बॉक्स आता कुठूनतरी कार्यक्रमांची यादी मागवतोय. पण नुसता अँटेना किंवा डिश असेल, नेट जोडलेलं नसेल, तर बॉक्सला काही मागायची सोयच नसते, सगळा मामला एकतर्फी. चित्र, आवाज आणि ही यादी असं सगळं 188 बाइटच्या पॅकेटांमधून एकत्रच येत असतं, प्रत्येक पॅकेटवर नंबर असतो, आणि डीव्हीबी या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत गाइडच्या पॅकेटांचा नंबर 18. बॉक्स तेवढी वेचून साठवत बसतो.

यादी सतत फिरून फिरून पाठवली जाते, आणि इथेच खरी गंमत आहे. "आत्ता काय, नंतर काय" एवढा भाग दर दोनेक सेकंदांनी येतो म्हणून चॅनल बदलल्याबरोबर खालची पट्टी दिसते, पण पुढच्या दिवसांचं वेळापत्रक निवांत येतं आणि डीव्हीबीत ते पाठवायलाच हवं अशी सक्तीही नाही. त्यात दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरच्या चॅनलांची माहिती या फ्रिक्वेन्सीवर दिलीच पाहिजे असंही नाही, त्यामुळे एकच ट्यूनर (एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी पकडणारा भाग) असलेला बॉक्स तिकडे जाऊन येईपर्यंत त्या चॅनलांच्या रांगा कोऱ्या. काही बॉक्स स्टँडबायमध्ये असताना गुपचूप सगळीकडे फिरून यादी भरून ठेवतात, पण आपण मेन स्विचच बंद करतो ना! मग कंपनीला शिव्या.

वेळेचंही तसंच. डीव्हीबीत कार्यक्रमाची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते, स्थानिक फरक वेगळा येतो, त्यामुळे सेटिंगमध्ये देश किंवा टाइम झोन चुकला तर अख्खी गाइड सरकते. अमेरिकेतल्या एटीएससी या प्रसारण पद्धतीत वेळेसाठी 6 जानेवारी 1980 पासूनचे सेकंद मोजतात आणि यादी तीन-तीन तासांच्या तुकड्यांत, किमान 12 तासांची द्यावीच लागते. हा नियम मला जास्त आवडतो, निदान आज रात्रीचं तरी कळतं.

रेकॉर्डिंगवाल्यांनी एक बघून घ्या. मॅच लांबली तर चॅनलने "आत्ता/नंतर" वेळेवर बदलायला हवं आणि बॉक्सनेही घड्याळाऐवजी त्या कार्यक्रमाच्या आयडीवर लक्ष ठेवायला हवं. दोन्हीपैकी एक जरी हुकलं तरी शेवटची ओव्हर गेली, म्हणून मी सरळ पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून टाकतो.