चौथी सीट

लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौघी बसतात. चौथीच्या वाट्याला येतात फार तर चार बोटं. एक पाय बाहेर, पर्स मांडीवर, पाठ टेकायचा प्रश्नच नाही, आणि ब्रेक लागला की चपलेतल्या अंगठ्यानं जमीन धरायची. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा तिच्या १४ डब्यांत मिळून ४०० माणसं होती, आणि तीही आमंत्रण देऊन बोलावलेली. म्हणजे डब्याला तीसही नाहीत. त्यांच्यावर ‘सरका हं जरा’ म्हणायची वेळ काही आली नसणार.

मी सांगलीची. आमच्याकडे पॅसेंजरमध्ये बसलात की तिकीट खिशात जायच्या आत समोरची बाई विचारते, “कुठली म्हणायची तू?” गाव सांगितलं की पुढचा प्रश्न, “कुणाच्यातली?” या दुसऱ्या प्रश्नात घराणं, पाव्हणे, जात, सगळं येतं. उत्तर पटलं तर मिरज यायच्या आत तुमच्या हातात भडंगाचा पुडा असतो. नाही पटलं तर बाई खिडकीबाहेर बघायला लागते. आगतस्वागत म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

मुंबईत नोकरी लागली ती भायखळ्याला आणि घर मिळालं मुलुंडला. संध्याकाळची स्लो लोकल भायखळ्याला येईपर्यंत सीएसएमटीच्या बायकांनी खिडक्या, बाक, बाकांमधली जागा, सगळं भरून टाकलेलं असायचं. पहिले पंधरा दिवस मी दाराजवळ उभी राहून काढले. मग धीर करून आत सरकले, तेव्हा बाकावरच्या एका काकूंनी मान वर न करता विचारलं, “कुठे?”

मी म्हटलं, “सांगली.”

अख्खा बाक हसला. तिथं ‘कुठे’ म्हणजे उतरणार कुठे. गाव-घर कुणाला नको होतं. माझ्यामागे सीट कधी रिकामी होणार, तेवढाच हिशोब. “मुलुंड,” मी ओशाळून म्हटलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव मुलुंड झालं. समोर ठाणे होती, तिच्या शेजारी कळवा, आणि त्या काकू म्हणजे मुंब्रा. आधी मला राग आला. माणसाला नाव असतं की नाही? पण हळूहळू त्यात एक मोकळेपणा वाटायला लागला. ‘कुणाच्यातली’चं उत्तर न देता मी पहिल्यांदाच कुठेतरी बसले होते. चार बोटं का होईना.

खरं बसणं झालं ते जानेवारीत. मटाराचे दिवस. मुंब्राकाकूंनी पिशवी उघडली, ओंजळभर शेंगा उचलल्या आणि माझ्या पर्सवर ओतल्या. “हात रिकामे का? सोल.” ना ओळख, ना ‘प्लीज’. मी सोलायला लागले. दाणे डब्यात, सालं पेपरात. एक दाणा निसटून ठाणेच्या साडीच्या निऱ्यांत गेला, तो शोधायला आम्ही चौघी वाकलो, आणि सायन ते कुर्ला हसण्यात गेलं. मला आजवर खूप ठिकाणी ‘आपलंच घर समजा’ असं म्हणून पाटावर बसवलंय. अशा घरात पाण्याचा पेला उचलून ठेवायचा म्हटलं तरी ‘राहू दे, राहू दे’ होतं, आणि पाहुणा पाहुणाच राहतो. इथं कुणी या-बसा केलं नाही. काम दिलं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलुंड चढते भायखळ्याला, आणि स्टेशनजवळ तर भाजीची मंडई आहे, संत सावता माळींच्या नावाची. झालं. “मुलुंड, उद्या दोन किलो मटार.” “मला मेथीच्या दोन जुड्या, कोवळी बघून.” मी ग्रुपची भाजीवाली झाले. भाजी निवडून व्हायची विक्रोळीपर्यंत, आणि हिशोब भांडुपला. एकदा तापानं दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी पाय आत टाकताक्षणी कळवा ओरडली, “कुठे होतीस? आमच्या मेथीचं काय?” कपाळाला हात लावून ताप बघितला, पण मेथीबद्दल बोलून झाल्यावर. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दसऱ्याला सुट्टी म्हणून आदल्या दिवशी डबा सजवतात. त्या वर्गणीच्या यादीत मला न विचारताच लिहिलं होतं: मुलुंड, १०१ रुपये. पैसे देताना मी म्हटलं, “काकू, माझं नाव वृषाली.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “हो का? छान आहे.” आणि यादीत मुलुंडच राहू दिलं.

ग्रुपचं सगळंच कौतुकाचं नसतं, हेही सांगायला हवं. आमच्या बाकावर रुमाल पडलेला असतो, कधी नुसतीच पिशवी, आणि परकी कुणी विचारायला आली की चार तोंडांतून एकच उत्तर येतं, “सांगितलेली आहे.” दाराजवळ उभ्या राहणाऱ्या बाईला ते किती लागतं, हे मला पंधरा दिवसांच्या अनुभवानं माहीत होतं. तरी गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आली, पोटावर लॅपटॉपची बॅग, कानात इअरफोन, तिनं चौथ्या जागेकडे बोट दाखवलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “सांगितलेली आहे.” कुणासाठी? ठाणे त्या दिवशी रजेवर होती. मुलगी काही बोलली नाही, वरची कडी धरून उभी राहिली. दादर गेलं, माटुंगा गेलं. माझं लक्ष मोबाइलमध्ये लागेना.

दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दिसली, तिथंच, कडीला. मी सरकले. मुंब्राकाकू पुटपुटल्या, पण त्याही सरकल्या.

“कुठे?” मी विचारलं.

तिनं एका कानातला इअरफोन काढला. “भांडुप.”

मी मेथीची जुडी सोडून अर्धी तिच्या बॅगेवर ठेवली. “पानं तेवढी घे. काड्या या पिशवीत.”

मुलीला मेथी निवडता येत नाही. देठासकट खुडते. काकूंनी दोनदा दाखवलं, तरी तेच. उद्या भांडुपला कोथिंबीर देऊन बघणार आहोत.