वरणातलं पाणी

आमच्याकडे किती पाहुणे आलेत ते वरणावरून कळायचं. दोन पानं अचानक वाढली की आई पातेल्यात तांब्याभर पाणी ओतायची, मीठ-हिंग सारखं करायची आणि एक उकळी आणायची. डाळ तेवढीच. उपाशी कुणी उठलं नाही.

परवा भाचा आला. तो जिमला जातो, त्यामुळे बॅगेत कपडे कमी आणि पावडरीचा डबा मोठा. "मामा, तुझ्या जेवणात प्रोटीन आहे कुठे?" मी ताठ मानेने वरणाची वाटी दाखवली. त्याने चमचा बुडवला. बुडालेला चमचा वरून स्वच्छ दिसत होता.

मग हिशेब मांडला. तुरीच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. माझ्या वाटीत डाळ फार तर १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन-सव्वातीन. माझं वजन ७० किलो. किलोमागे ०.८ ग्रॅम धरलं तरी रोज ५६ ग्रॅम हवीत. पोळी, दूध, उसळ मिळून गाडी कशीबशी पुढे जाते, पण वरणाच्या जिवावर मी उगाच मिरवत होतो.

वाईट याचं वाटलं, की वरण-भाताची जोडी मात्र अचूक जमलेली. प्रथिनं बनतात अमिनो आम्लांची; शरीराला लागणाऱ्या अशा २० आम्लांपैकी ९ अन्नातूनच मिळवावी लागतात. भातात त्यांतलं लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन तोकडं, ती कसर भात भरून काढतो. छत्तीस गुण जुळले म्हणा ना! फक्त नवरा ताटभर आणि नवरी पळीभर.

पोटात गेल्यावर डाळ काय नि बांगडा काय, जठरातलं आम्ल आणि आतड्यातले रस सगळ्यांचे तुकडेच करतात. शरीर रोज आपलीच २५०-३०० ग्रॅम प्रथिनं मोडतं आणि तेवढीच नव्याने बांधतं. जुना वाडा पाडून त्याच विटा पुन्हा रचाव्यात तसं. फुटक्या विटांपुरता माल ताटातून येतो. जास्तीचा आला तर तो प्रथिनं म्हणून ठेवायला, चरबीसारखं, कोठार नाही. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो. हे मी भाच्याला डब्याकडे बघत ऐकवलं.

"माझं निदान बाहेर जायला आत तरी येतं," तो म्हणाला.

हल्ली डाळ मीच शिजायला लावतो. काल आईने वरणात पळी उभी करून पाहिली. पळी उभी राहिली.

"पिठलं केलंस होय रे?" म्हणाली, आणि तांब्या उचलला.