मोल्टनचे मास्तर आणि त्यांची पत्रं

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून तासाभरात नॉर्थॅम्प्टन येतं. तिथून चारेक मैलांवर मोल्टन हे गाव आहे. 1785 मध्ये विल्यम केरी इथं आले ते शाळामास्तर म्हणून. हाताशी धंदा चांभाराचा होता. दोन वर्षांनी ते गावच्या बॅप्टिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू झाले. याच मास्तरांनी पुढं मिशनरी म्हणून भारतात येऊन श्रीरामपूरला (बंगालचं, आपल्या नगरकडचं नव्हे) 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये शब्दकोश. व्याकरण देवनागरीत आहे, कोशातले मराठी शब्द मात्र मोडी ठशांत आहेत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित सोबत नसते, तर ही कामं झालीच नसती.

त्यांची बरीचशी पत्रं ऑक्सफर्डच्या रीजेंट्स पार्क कॉलेजातल्या अँगस ग्रंथालयात आहेत. आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. ग्रंथालयाच्या सूचीतला क्रमांक कळवून आधी वेळ ठरवावी आणि फोटो काढता येतात का, तेही तेव्हाच विचारावं. अशा वाचनकक्षांत शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. सूचीत शोधताना आजचं स्पेलिंग पुरत नाही. ‘महराट्टा’ (Mahratta) असंही टाकून पाहावं.

खरी कसरत वाचनात. शब्दात दोन ‘एस’ जोडून आले की पहिला बऱ्याचदा लांबडा असतो आणि ‘एफ’ वाटतो. तेव्हा पाकीट नसे. कागद दुमडून लाखेनं चिकटवत, त्यामुळं उघडताना तुकडा फाटे आणि नेमकी त्या जागची अक्षरं जात. टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे, म्हणून समासातही मजकूर कोंबलेला सापडतो. भारतातून इंग्लंडला पत्र पोचायला पाच-सहा महिने लागत. म्हणून पत्राची तारीख आणि पोचल्याची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा घोळ होतो.

पैशांचं गणित दशमानात करू नये. तेव्हा पौंडाचे 20 शिलिंग, शिलिंगाचे 12 पेन्स असत. 2 ऑक्टोबर 1792 रोजी नॉर्थॅम्प्टनजवळच्या केटरिंगला बॅप्टिस्ट मिशनसाठी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्सची वचनं मिळाली. ही रक्कम 13.26 लिहिली की चूक. दशमानात ती 13.125 पौंड होते.

केरींचं लग्न 1781 चं, आणि त्याची नोंद पिडिंग्टन गावच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या) चर्चच्या वहीत. केरी तेव्हा बॅप्टिस्ट झाले नव्हते, पण झाले असते तरी नोंद तिथंच असती. 1754 पासून 1837 पर्यंत ज्यू आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) सोडून बाकी सगळ्यांना कायद्यानं अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे. वधू डोरोथीनं सहीऐवजी फुली केली आहे. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळं त्यांची मुलं चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत शोधत बसू नये. मंडळीच्या जन्मनोंदी असल्या तर त्या बहुधा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आरजी 4 या मालिकेत मिळतात.

छापील पत्रांवर एकदम भिस्त ठेवू नये. मिशनचे अहवाल आणि पुतण्या युस्टेस केरी यांनी 1836 मध्ये काढलेलं चरित्र, दोन्हींत निवड आहे. बंगालमधल्या मदनाबाटीच्या नीळ कारखान्यातल्या वर्षांत केरींचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, 1794 मध्ये. पुढं डोरोथीचं मन ढळलं. हे घरचं दुःख वर्गणीदारांसाठीच्या छपाईत कितीसं येणार? म्हणून छापील उतारा मूळ हस्तलिखिताशी ओळीनं ताडून पाहावा. गाळलेल्या जागी संपादकानं काही वेळा टिंबं दिलेली असतात, काही वेळा तीही नसतात.

मराठीच्या कामाचे मूळ कागद मात्र फार सापडतील अशी आशा धरू नये. 11 मार्च 1812 च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली आणि हस्तलिखितांचे ढीगच्या ढीग जळून गेले. आपला कोश वाचला, कारण तो दोन वर्षं आधीच छापून बाहेर पडला होता.