उठण्यापूर्वीची एक ओळ

सांगली, २३ मार्च

मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात या दिवसांत नव्या हळदीची आवक, रोजचे सौदे आणि मार्चअखेरचे हिशेब हे सगळे एकदमच अंगावर येते. आज दुपारी माझ्या हातून एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे वजन आणि खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम लिहिलेला कागद, चुकली. एकाच आडनावाच्या दोघांची राजापुरी हळद आज विकली गेली होती. वजने टॅलीत भरत असताना फोन वाजला, मी जेमतेम तीन मिनिटे बोललो आणि परत बसल्यावर एकाचे वजन दुसऱ्याच्या नावावर चढवले. ते गृहस्थ गोकाककडचे. पट्टी घेऊन बसस्थानकापर्यंत गेले होते, आकडा जुळेना म्हणून उन्हातून परत आले. "दिवाणजी, एकदा परत बघा की," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

दिवसभर मी त्या तीन मिनिटांचाच विचार करतो आहे. फोन ठेवल्यावर मी स्क्रीनकडे पाहत होतो, बोटे चालत होती, पण मन अजून फोनवरच्या वसुलीच्या बोलण्यातच होते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये नेमके हेच मांडले आहे : एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो आणि पुढच्या कामाचा दर्जा घसरतो. म्हणजे व्यत्यय फोन बंद होताच संपत नाही. परतण्याचा रस्ता त्याहून लांब असतो, आणि मी आजवर तो रस्ता हिशेबातच धरला नव्हता.

लेरॉय यांनीच थेरेसा ग्लोम्ब या संशोधिकेसोबत २०१८ मध्ये एक साधा उपाय तपासला. काम सोडून उठण्यापूर्वी आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर प्रथम काय करायचे, हे क्षणभर थांबून लिहून ठेवायचे. चार वाजल्यापासून मी तसे करून पाहिले. कच्च्या वहीच्या कडेला "सातवी पट्टी, वजन भरले, तोलाई-हमाली वजा करणे बाकी" अशी ओळ लिहूनच फोन उचलला. परतल्यावर सहावी की सातवी असे चाचपडावे लागले नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फोनवर बोलताना पट्टीची चिंता डोक्यात घोळत राहिली नाही.

मोबाईल उद्यापासून गल्ल्याशेजारच्या खणात राहील; व्हॉट्सअ‍ॅपवरचे बाजारभाव सौदे आटोपल्यावर एकदाच पाहीन. दुकानाचा फोन मात्र बंद ठेवता येणार नाही, आणि समोर येऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला मी व्यत्यय मानू इच्छित नाही. वर्षभराच्या पिकाचे पैसे ज्या कागदावर आहेत, त्याविषयी त्याने चारदा विचारले, तर चारही वेळा नीट उत्तर देणे हेच माझे काम आहे. मला आवरायचे आहे ते बाकीचे, जे केवळ सवयीने मी हातात घेतो.

दुकान बंद करताना कच्च्या वहीत शेवटची ओळ लिहिली : "सकाळी प्रथम गोकाकच्या पट्टीची दुरुस्त रक्कम बँकेत जमा झाली का ते पाहणे, आणि त्यांना स्वतः फोन करून सांगणे."