८९.५ वरची पोरं

गुरुवार, रात्र

आज ऑफिसातून निघायला उशीर झाला, सिएटलच्या ५२० च्या पुलावर नेहमीची रांग (टोल भरून वर हे), मग गाडीतल्या रेडिओवर ८९.५ लावून बसलो. सिएटलवाल्यांना माहीतच असेल, बाकीच्यांसाठी सांगतो, हे केएनएचसी, सगळे सी ८९.५ म्हणतात, दिवसभर डान्स म्युझिक आणि स्टेशन आहे कुठे तर नेथन हेल हायस्कूलमध्ये! लायसन्स इथल्या सरकारी शाळांच्या डिस्ट्रिक्टचं. पगारी माणसं आहेत, पण शाळेतली पोरंही माइकवर असतात. १९७१ ला सुरू झालं तेव्हा ताकद १० वॉट, म्हणजे आपल्या हॉलमधल्या एलईडी बल्बाएवढी. आता ८,५०० वॉट आहे, म्हणून तर पुलावर गाडीतसुद्धा स्वच्छ येतं.

आज एक मुलगी होती. कुठल्यातरी युरोपियन डीजेचं नाव घेताना अडखळली, हसली, परत घेतलं आणि पुढे गेली. अख्खं शहर ऐकतंय हे माहीत असून! आमच्या शाळेत माइक म्हणजे परिपाठ, पेपरातून उतरवलेल्या ठळक बातम्या, त्याही बाईंनी आधी तपासलेल्या, आणि चुकलं की अख्खी रांग खिदळणार.

मला सगळ्यात भारी वाटतो तो जाहिरातींचा नियम. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा नॉन-कमर्शियल शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव आहे, तिथे जाहिरात चालत नाही. पैसे देणाऱ्या दुकानाचं नाव घ्या, कुठे आहे, काय विकतात ते सांगा, बस. "सगळ्यात बेस्ट" नाही, "आजच या" नाही, किंमत नाही, सूट नाही. म्हणजे मजकूर लिहायचा आणि त्यातून विशेषणं वेचून बाहेर काढायची, आम्ही निबंधात ती कोंबायला शिकलो! सोळाव्या वर्षी हे कोणी शिकवलं असतं तर माझे ऑफिसचे ईमेल तरी बरे झाले असते.

आपल्याकडे पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे १०७.४ वर, पण ती विद्यापीठाची, शाळेतल्या पोरांच्या हातात एवढं मोठं काही दिलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि आपल्या कम्युनिटी रेडिओला जाहिराती चालतात पण स्वतःच्या बातम्या चालत नाहीत, बरोब्बर उलटं, मला विचाराल तर हे जास्त खटकतं.

जाहिराती नाहीत म्हटल्यावर स्टेशन बरंचसं श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. घरी येऊन बायकोला म्हटलं, या वेळी देऊया काहीतरी. ती म्हणे, "अरे पण तुला ते धाडधाड म्युझिक कुठे आवडतं?" खरंय, निम्मी गाणी मला एकसारखीच वाटतात, पण मी काय गाण्यांसाठी देतोय का, त्या अडखळणाऱ्या पोरीसाठी देतोय. महिन्याला दहा डॉलर लावून टाकले. तर म्हणते, "टीशर्ट देत असतील तर माझ्या मापाचा सांग."