बेडकं हाकताना

लोक सुट्टीत गोव्याला जातात आणि आमच्यासारखी येडी मधेच उतरतात. बेळगावातनं निघालं की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि घाट उतरला की गोवा, पण जूनच्या शेवटी आमची गाडी कणकुंबीच्या पुढं मामांच्या घरापाशी थांबते ती दोन दिवस हलत नाही, कारण मला, मावसभावाला आणि त्याच्या एका दोस्ताला साप-बेडूक बघायचे असतात. मामी दरवर्षी तेच विचारते, "बेडकं बघाय एवढ्या लांब आलासा? आमच्या न्हाणीत बसलंय की एक, या आत."

यंदा यादीत पहिलं नाव देवगांडुळाचं होतं. दिसायला गांडूळच, तसंच वळ्यावळ्यांचं अंग, पण नातं बेडकाशी. पाय नाहीत पण हाडं आहेत, दात आहेत, डोळे जवळजवळ कातडीखाली गेलेले, म्हणून डोळा नि नाकपुडीच्या मधल्या बारक्या स्पर्शिकेनं वास काढत मातीत फिरतं. ह्यांची एक जात ह्याच चोर्ल्यात सापडली आणि 2007 साली तिला म्हादईवरनं नाव मिळालं, गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस. नाव पाठ केलं म्हणून प्राणी सापडत नाही हे पहिल्या सकाळीच कळलं. जांभ्याचे किती दगड उलटे केले त्याचा हिशेब नाही (पलीकडची कड आपल्याकडं ओढायची, म्हणजे खाली काही असलंच तर मधे दगड राहतो, आणि बघून झालं की दगड होता तसाच परत). मिळालं काय, तर दोन विंचू, ढीगभर मुंग्या आणि खरीखुरी गांडुळं, ज्यातल्या प्रत्येकाला बघून तो दोस्त "सापडलं!" म्हणून ओरडायचा. पायाला जळवा लागल्या त्या वेगळ्याच. शेवटी मामी म्हणाली, "ते होय, ते शेणाच्या उकिरड्यात असतंय की पावसात." झालं, तिघं फावडी घेऊन उकिरड्यावर. देवगांडूळ काही दिसलं नाही, मामीचं खत मात्र फुकटात उलथून मिळालं, आणि मला अजून शंका आहे की तिचा बेत तोच होता.

रात्री मात्र मजा आली. विहिरीवर वाकलेल्या फांदीला मुठीएवढा पांढरा फेस चिकटला होता, कुणीतरी दाढी करून साबण पुसावा तसा. हे उडत्या बेडकाचं घरटं, आत अंडी, पिल्लं वळवळायला लागली की पावसाबरोबर खाली पाण्यात टपाटप. बेडूक स्वतः हातभर अंतरावर पानाला चिकटून, पानासारखाच हिरवा, आणि आम्ही टॉर्च घेऊन अर्धा तास दुसरीकडंच शोधत होतो. तो हलला तेव्हा बोटांमधला पडदा दिसला, लालभडक. टॉर्च लावला की सगळी विहीर गप्प, विझवला की परत सुरू. करवंदीच्या जाळीत एक चापडा साप होता, तो पहिल्या रात्री जिथं तिथंच दुसऱ्या रात्री, भक्ष्याची वाट बघत. आम्ही दोन दिवसांत दहा किलोमीटर चाललो असू, त्यानं मान पण वळवली नाही.

परतीच्या रात्री जांबोटीच्या अलीकडं पाऊस असा कोसळला की हेडलाइटमधे रस्ताच हलायला लागला. बेडकं. बारकी, मोठी, एकावर एक बसलेली. गाडी घालवेना. मग भाऊ स्टिअरिंगवर आणि मी पुढं छत्री आडवी धरून बेडकं हाकत, गुराखी हाकतो तसा. समोरनं गोव्याला भाजी घेऊन निघालेला टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून कन्नडमधे विचारलं, "एनातरी?" म्हणजे काय झालं. मी म्हटलं, "कप्पी," बेडकं. तो जरा विचार करून म्हणाला, "तिन्नाकेनरी?" म्हणजे खायला काय. त्याचं चूक नाही, गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून हेच विकलं जातं, वन्यजीव कायद्यानं बंदी असून. माझं कन्नड बाजारापुरतं, तरी रेटलं, "इल्रि, दाटसाकत्तेवी," पलीकडं नेऊन सोडतोय. त्यानं माझ्याकडं बघितलं, छत्रीकडं बघितलं, इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. मागनं एक कार हॉर्नवर हॉर्न मारायला लागली तेव्हा त्यानंच खिडकीतनं हात काढून तिला थांब म्हणून सांगितलं.