डब्यांचा डॉपलर रडार: गळती आटोक्यात आली

मंडळी, पत्र्याच्या डब्यांचे अँटेना करून गाड्यांचा वेग मोजणाऱ्या माझ्या २.४५ गिगाहर्ट्झच्या घरगुती रडारचं काम बरंच पुढे सरकलंय. यावेळी सगळा जोर लावला तो दोन अँटेनांमधल्या गळतीवर (पाठवणाऱ्या अँटेनातून थेट घेणाऱ्यात शिरणारा सिग्नल), आणि माझं आता पक्कं मत झालंय की घरगुती सीडब्ल्यू (सतत लहर सोडणाऱ्या) रडारमध्ये सगळ्यात आधी हीच मोजावी, रेंजचं नंतर बघू.

डबे पुण्याच्या बोहरी आळीतून आणले, व्हर्नियर सोबत घेऊनच गेलो कारण सगळं आतल्या व्यासावर ठरतं. ९० मिमीच्या डब्यात टीई-११ मोड (डब्यातून लहर जायची आपल्याला हवी ती पद्धत) १.९५ गिगाहर्ट्झच्या वर चालतो आणि नको असलेला दुसरा मोड, टीएम-०१, थेट २.५५ ला सुरू होतो, म्हणजे आपण बरोबर मधे. १०० मिमीचा घेतलात तर टीएम-०१ २.३ लाच घुसतो आणि बीमची वाट लागते. प्रोब (डब्यात सिग्नल सोडणारी तार) बंद टोकापासून ५१ मिमीवर, लांबी ३१ मिमी, मग नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) बघत बघत थोडी थोडी कापून एस-११ (अँटेनातून परत फिरणारा सिग्नल) उणे २२ डीबीवर आणला.

आता गळती. दोन्ही प्रोब उभे ठेवून डबे शेजारी-शेजारी ठेवा, एकावर एक नको, ई-प्लेनमध्ये (प्रोबच्या दिशेत) कपलिंग, म्हणजे एकातून दुसऱ्यात शिरणं, जास्त असतं. त्यात मधे अंतर सोडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला आणि एस-२१ (इथे हीच गळती) इतका खाली गेला की एलएनएचा (घेणाऱ्या बाजूच्या अ‍ॅम्प्लिफायरचा) गेन वाढवता आला, आधी तो गळतीनेच भरून जायचा! ऑसिलेटर साधाच आहे पण चालतोय, कारण गळती आणि एलओ (मिक्सरला तुलनेसाठी दिलेला ऑसिलेटरचा सिग्नल) एकाच उगमातून जवळजवळ एकाच वेळी मिक्सरला पोचतात त्यामुळे फेज नॉइज (ऑसिलेटरची बारीक थरथर) बराचसा आपसात कटतो, होमोडाइनची (एकाच ऑसिलेटरवर पाठवणं आणि घेणं) ही गोष्ट मला फार आवडते.

गॅलरीतून पौड रोडकडे तोंड करून लावलं. समोरून ४० च्या स्पीडने येणारी गाडी १८१ हर्ट्झला स्वच्छ रेघ देते, तिरकी जाणारी कमी दाखवते (कोसाइन!), पीएमपीच्या सिटी बसची रेघ मात्र जाडजूड. चालणारा माणूस २०-२५ हर्ट्झला येतो, तिथे लॅपटॉपचं साउंडकार्डच दम तोडतं. २.४५ मुद्दाम निवडलं, वायफायच्या ६ आणि ११ चॅनेलच्या मधली फट आहे ती, सोसायटीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गाडी येतेय की जातेय हे एका मिक्सरवर कळत नाही, म्हणून पुढे आय-क्यू, म्हणजे ९० अंशाच्या फरकाने चालणारे दोन मिक्सर. १.६ मिमी एफआर-४ वर (साध्या सर्किट बोर्डवर) ब्रँचलाइन कपलर (सिग्नल ९० अंशाच्या फरकाने दोन भागांत वाटणारं सर्किट) काढतोय, ५० ओहमची लाइन साधारण ३ मिमी रुंद येतेय. कुणी एफआर-४ वर ९० अंश नीट मिळवलेत का? बोर्ड खोदायच्या आधी सांगा.